वेचणी तुझी, नाव माझं

वच्छला,

२०१२ साल होतं आणि मी एकसष्ट वर्षांचा होतो. तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वय आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की पोरवयात माणूस चुकतो. मी चुकलो तेव्हा माझे केस पिकले होते, घरात नातू रांगत होता आणि गावात माझ्या शब्दाला वजन होतं. त्या साली कापसाच्या दिवसांत आपल्या वावरात परदेशी पाहुण्यांची गाडी आली. ‘आपल्या’ म्हटलं म्हणून हसू नको. तू होती तेव्हा मी ‘माझं वावर’ म्हणायचो, हे माझ्या ध्यानात आहे.

तुला जाऊन वीस दिवस झाले. या वीस दिवसांत मी तुझ्याबद्दल लोकांत बोललो, एकदा खोटं आणि मग खरं. दोन्ही तुला सांगायचं आहे. माझा तिसरीपर्यंतचा हात, जोडाक्षर आलं की अडतो. तरी लिहितो, कारण तोंडाने मी तुझ्याबद्दल कधी नीट बोललो नाही.

आधी कापूस कसा जायचा, आठवते ना. सरकारी केंद्रावर बंड्यांची रांग, दोन-दोन दिवस बैल सोडून तिथेच मुक्काम. कापसात काडी आहे की पाला आहे, कोणी पाहत नव्हतं. ओला असला तर उलट बरं, वजन भरायचं. मग बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या. पहिले दुकानात बाटलीतलं काळं गोड पाणी आलं. मग बियाण्याचं पाकीट आलं, त्यावरचं इंग्रजी कोणाला वाचता येत नव्हतं, तरी सगळ्यांनी तेच पेरलं. मग मोबाईल आले. आणि सगळ्यांच्या शेवटी आले ते सदरे विकणारे. त्यांचा विचार तर आपण सपनातही केला नव्हता. बियाणं विकायला येणारा माणूस कळतो. पण सात समुद्रापलीकडचा सदरेवाला कापसाच्या, पराटीच्या झाडापाशी येऊन उभा राहील, हे कोणाला वाटलं होतं?

त्यांचा माणूस म्हणजे तो चष्मेवाला साहेब, नागपूरकडचा. ग्रामपंचायतीत त्याने एक पांढरा कपडा दाखवला, त्यावर निळा ठिपका होता. म्हणाला, हा ठिपका खताच्या चुंगडीच्या, पोत्याच्या, प्लास्टिकच्या धाग्याचा आहे. वेचताना कापसात गेला, जिनिंगमध्ये गाठीत गेला, पुढे सुतात गेला आणि तिकडे गोऱ्या माणसाच्या छातीवर निघाला. बाईचा एक केस गेला तरी तसंच. आमच्या कंपनीला स्वच्छ कापूस पाहिजे, तुमच्या गावाचा गट करा. गटप्रमुख म्हणून माझं नाव निघालं. मी नको म्हटलं नाही.

तू तेव्हा दारात उभी राहून ऐकत होती. बाहेर निघाल्यावर मला म्हणाली, “भाऊ, येवढे पांढरे सदरे घालून थे लोक करतात तरी काय?”

“हापिसात बसतात.”

“बसाले येवढं पांढरं लागते?”

मी हसलो नाही. गटप्रमुख झालो होतो ना.

साहेबाने वेचणाऱ्या प्रत्येक बाईसाठी एकेक पांढरा दुपट्टा दिला. केस झाकायचे, म्हणजे केस कापसात पडायचे नाहीत. तिथेच गाडं अडलं. नवरा जिता असलेली बाई डोक्यावरून पांढरं कसं घेईल? बाया दुपट्टे धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, ठेवून निघून गेल्या. साहेबाला काही उमगेना. तो म्हणे, कापड चांगलं आहे, सुती आहे. मी त्याला समजावून सांगायचं सोडून बायांवरच अडून बसलो. जिला घ्यायचा नसेल तिनं दुसरं वावर पाहावं, म्हटलं. तीन दिवस फुटलेली बोंडं झाडावर लटकत राहिली. एका पावसाच्या सरीनं सगळं काळं झालं असतं.

चौथ्या दिवशी तू विहाराकडच्या बारा बाया घेऊन आली. दुपट्ट्यांचा गठ्ठा उचलला आणि म्हणाली, “आमाले द्या. आमी तं जयंतीले पांढरंच नेसतो, आमाले पांढऱ्याचं भेव नाई.” मग काय होते ते पाहायला धुऱ्यावर येऊन बसलेल्या आमच्याकडच्या बायांकडे वळली. “अन् तुमच्या नवऱ्यायले काई होत नाई बाया हो. थे दुपट्ट्यानं मरत असते, तं तुमीच कवाच्याच मागून घेतले असते.”

बाया पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्याअधिक जणी डोक्यावरून दुपट्टे घेऊन आल्या. साहेबाने विचारलं, कसं काय जमवलं? मी म्हटलं, समजावून सांगितलं त्यांना. हे पहिलं खोटं. लहान होतं, घशाखाली सहज उतरलं.

त्याच साली सीतादहीचं जे झालं, तेही मी विसरलो नाही. पहिल्या वेचणीला माझी बायको कुसुम वावरात पाच दगड मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायची, मग बायांना वाढायची. तू पूजेला बाजूला उभी राहायची. म्हणायची, “आमी हात जोडत नाई, दहीभात मातर सोडत नाई.” आणि कुसुम तुमच्या पानावर वरून वाढायची, हात लागू नये अशा अंतरावरून. वर्षानुवर्षं तसंच होतं, मीही पाहायचो आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटायचं नाही. त्या साली तू पान हातात धरलं नाही. खाली ठेवलं. म्हणाली, “बसून वाढ ना कुसुम, पाठ दुखन तुही.” कुसुम थोडी थांबली. मग बसली. तुझ्या शेजारीच बसून तिने वाढलं आणि तिथेच खाल्लं. नंतर घरी मला म्हणाली, वच्छला बोलते तेव्हा नाही म्हणायला जागा राहत नाही. कुसुम गेली तेव्हा तू आली होती, पायरीवर बसून होती दिवसभर. तोवर आपलं बोलणं बंद झालेलं होतं. तरी आली. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आता दाखवतो.

मुख्य गोष्ट वेचणीची. साहेबाने काय नको ते सांगितलं होतं. प्लास्टिक नको, केस नको, पाला नको, ओल नको. पण पाला येऊ नये म्हणून वेचावं कसं, ते त्याच्या कागदात नव्हतं. बाया वरून वेचत यायच्या, जशा त्यांच्या माया वेचायच्या. वरचं बोंड ओढलं की वाळलेल्या पानांचा चुरा खालच्या फुटलेल्या बोंडांवर पडायचा. संध्याकाळी ढीग पाहिला की कापसावर तंबाखू भुरभुरल्यासारखं दिसायचं. तू दोन दिवस नुसतं पाहत वेचत राहिली. तिसऱ्या दिवशी झाडाच्या बुडाशी उकिडवी बसली आणि खालच्या बोंडापासून सुरुवात केली. खालून वर. खालचं आधीच वेचून ओटीत गेलेलं, मग वरून चुरा पडो की काही पडो. कमरेला दोन ओट्या बांधल्या, मोठी चांगल्या कापसाची आणि डाव्या बाजूला लहान, किडकी पिवळी कवडी, म्हणजे खराब कापूस, टाकायची. आणि सकाळी उगवतीकडच्या धुऱ्यापासून तास, म्हणजे झाडांच्या ओळी, धरायचे, कारण तिथे ऊन पहिले पोचते, दव पहिले उडते.

बाया कुरकुरल्या. मजुरी किलोवर, आणि दव उडालं की वजन उडते. तू त्यांना म्हणाली, “वजन जाते, पन संध्याकाळी निवडाले बसा नाई लागत. उजेडात घरी जाऊन चूल पेटवसान का अंधारात?” दुसऱ्या दिवसापासून बाया दव उडायची वाट पाहायला लागल्या.

मी धुऱ्यावरून म्हटलं, “कापूस वेचाले का शाळा लागते वच्छला?”

“लागते ना भाऊ. आपुन दोघं तिसरीतच घरी बसलो, म्हणून तं येवढा उशीर झाला.”

त्या साली जिनिंगमध्ये गावोगावचा कापूस तपासला, तेव्हा आमच्या गटाचा सगळ्यात स्वच्छ निघाला. म्हणून पाहुणे आले.

एक उंच बाई होती, उन्हाची टोपी घातलेली, आणि एक कॅमेरेवाला. मी नवं धोतर नेसलो होतो. गावची पंधरा-वीस माणसं धुऱ्यावर उभी होती. ती बाई सरळ तासात शिरली, तुझ्याजवळ जाऊन उकिडवी बसली. तिने तुझ्या दोन्ही ओट्या पाहिल्या. आधी खालचं बोंड काहून, ते तू तिला हातानंच दाखवलं, वाळलं पान चुरगळून खाली सोडून. तिला कळलं. भाषा एक नव्हती तरी कळलं, मान डोलावत होती. मग उठून तिने साहेबाला काही विचारलं. साहेबाने ते मला विचारलं, तुला नाही, कारण गटप्रमुख मी. “मॅडम विचारतात, ही पद्धत कोणाची?”

तू ओटी सावरून हात लुगड्याला पुसला. एक पाऊल पुढे टाकलं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

मी म्हटलं, “आमच्या बापजाद्यापासूनची हाय. बायायले म्याच शिकवली.”

साहेबाने ते इंग्रजीत सांगितलं. बाईने माझा हात हातात घेतला. धुऱ्यावरची माणसं बघत राहिली. तुझं टाकलेलं पाऊल तिथेच राहिलं. मग तू खाली वाकली आणि पुढचं झाड धरलं.

काहून बोललो मी तसं? तेरा वर्षं विचारतो आहे. कधी वाटते, माणसं जमली होती म्हणून. कधी वाटते, गटप्रमुखाला आपल्याच वावरातलं ठाऊक नाही अशी शोभा होईल म्हणून. पण तिथे तुझ्या जागी माझा चुलतभाऊ असता तर मी त्याचं नाव घेतलं असतं. दहादा घेतलं असतं. तू बाई होती, मजूर होती आणि विहाराकडची होती. या तिन्हींतली कोणती गोष्ट माझ्या जिभेवर बसली होती ते मला वेगळं काढून सांगता येत नाही. कवडी निवडावी तसं निवडायला गेलो, तर सगळाच ढीग तसला निघतो.

पुढच्या साली चोपडं छापून आलं, मराठीत. वर माझा फोटो. आत ठळक अक्षरात ‘महादेव पद्धत’. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. फोटोत मागे तू पण आहेस, पांढरा दुपट्टा घेतलेली, वाकलेली. तोंड दिसत नाही, हात दिसतात.

त्यांनी मला एक सदराही पाठवला, कंपनीचा, विकायला तिकडे जातो तोच. मी तो लग्नाकार्यात घालून मिरवला. एकदा तू म्हणाली, पाहू द्या. बाही दोन बोटांत धरून चोळली. “यात आपल्या वावरातलं एखांदं बोंड असन का भाऊ?” मी म्हटलं, असन. तू बाही सोडली नाही लगेच. त्या घडीला तुझ्या तोंडावर राग नव्हता, वच्छला, खुशी होती. आपल्या हातचं कुठवर गेलं याची. एवढ्यावरच तू खुशी मानली, आणि मी तुला तुझं नावही दिलं नाही.

मग कंपनीची जीप यायला लागली. कळंबकडच्या गावांत, मारेगावकडच्या गावांत ही पद्धत शिकवायची. मी बोलायचो, तू करून दाखवायची. एक हंगाम तू आली. मारेगावच्या पुढच्या त्या गावात, जिथे वावराला लागून नाला आहे, एका बाईने तुला विचारलं, “बाई, तुमी कुठं शिकल्या हे?” मी दहा हातांवर उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही, टोपी झटकत राहिलो. तू म्हणाली, “यायच्यापासून शिकली.” आणि माझ्याकडे बोट केलं.

तू माझी लाज राखली. आणि मला त्या वेळी बरं वाटलं. 

त्या दिवशी जीपने आपल्याला फाट्यावर सोडलं. गावापर्यंत दोघंच चालत होतो. तू म्हणाली, “महादेव.”

शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा. एरवी भाऊ म्हणायची.

“एक डाव सांगून टाक. तिकडं गावोगाव नको सांगू. आपल्या गावात सांग, ग्रामपंचायतीत. मंग माह्यं काई म्हननं नाई.”

“तुले काय फरक पडते त्यानं? रोजी तं भेटते ना.”

“काई फरक पडत नाई, तं सांगाले तुले काय होते?”

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, ते तुला लहानपणापासून ठाऊक. “माह्या वावरातच शिकली ना तू? माही पराटी नसती, तं कशावर शिकली असती?”

पुलापर्यंत तू पुढे पुढे चालली. पुलावर थांबून पायातली चप्पल नीट केली. “पराटी तुहीच हाय. पन मले पराटीनं नाई शिकवलं.” आणि तू विहाराच्या वाटेने वळली.

दुसऱ्या दिवशी तू आली नाही. भांडण नाही, शिव्या नाहीत. तुझ्या बाया शेजारच्या गावात वेचायला जायला लागल्या. मीही बोलावलं नाही. मी काय कोणाच्या दारात जाणारा माणूस होतो? दुसऱ्या बाया लावल्या. कापसात पाला यायला लागला. साहेबाने विचारलं, मी पावसावर ढकललं. तो म्हणाला, “मामा, पद्धत तर तुमचीच आहे. पुन्हा एकदा करून दाखवा ना बायांना.” मी तासात बसलो. गुडघे कडकड वाजले. हात आपोआप वरच्या बोंडाला गेला. बाया दुपट्ट्यात तोंड खुपसून हसल्या. साहेबाने चष्मा काढून पुसला. त्याला तेव्हाच कळलं असेल. पण त्याने वर काही कळवलं नाही. चोपडं छापून झालं होतं.

दोन-तीन सालांनी कंपनीही गेली. निरोप नाही, काही नाही. साहेबाचा फोन लागेना. जिनिंगवाला म्हणाला, त्यांना आता दुसऱ्या देशातला कापूस परवडते. ज्यांच्यासाठी मी तुझं नाव खाल्लं, त्यांच्या ध्यानात माझंही नाव नसेल आता. चुंगड्या पुन्हा आल्या, दुपट्टे चुलीपाशी भांडी पुसायला गेले. खालून वर मात्र राहिलं. आजही पंचक्रोशीत बाया तशाच वेचतात. कंपनीचं एवढंच इथे मागे राहिलं, आणि ते कंपनीचं नव्हतंच.

तू आजारी पडली ते मला गावाच्या आधी कळलं, कारण मी कान लावून होतो. यवतमाळच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं तेव्हा डझनभर केळी घेऊन आलो. इतक्या वर्षांनी तुझ्या दारात. तुझी लेक रंजना बाहेर आली, तिने खुर्ची दिली. तू खाटेवर होती, अर्धी राहिली होती. आपण काय बोललो? तुरीला फूल कसं आहे. माझा गुडघा. बोंडअळी. मी तीनदा घसा खाकरला. शेवटी तूच म्हणाली, “काई म्हनाचं होतं का?”

“नाई. असाच आलतो.”

“असाच तं तू कवाच कुठं गेला नाई.”

आणि तू हसली. दरवाजा उघडून दिला होता तू मला, एवढा मोठा. मी उठलो, म्हटलं आराम कर, आणि चप्पल घातली. अकरा दिवसांनी तू गेली.

आता ते खोटं सांगतो. विहारात तुझा जलदानाचा कार्यक्रम होता. मी मागे बसलो होतो. तुमच्याकडच्या एका म्हाताऱ्याने माइकवर म्हटलं, महादेवराव जुने आहेत, बाईंनी त्यांच्या वावरात वर्षानुवर्षं काम केलं, त्यांनी दोन शब्द बोलावे. मी उभा राहिलो. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या लुगड्यांतल्या सगळ्या बाया, त्यात त्या बारांपैकी उरलेल्या सात. मी म्हटलं, “वच्छलाबाई मेहनती होती. इमानदार होती. अशी मजूर पुन्हा होणार नाही.” आणि बसलो. माझ्याही कानाला बरं वाटलं ते, घडीभर. मग रंजनाने माझ्याकडे पाहिलं. तुझ्यासारखंच पाहते ती. रागाने नाही. मोजल्यासारखं पाहते. मला माझी टोपी झटकायची हुक्की आली, आणि मी हात मांडीखाली दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंजनाच्या मागे गेलो. बाया आता तीच नेते, तुझ्यासारखी. आपल्या गावच्या गजाननच्या वावरात धुऱ्यावर सगळ्या बसल्या होत्या, दव उडायची वाट पाहत. गजाननही होता. मी बंडीपाशी उभा राहिलो आणि जे बोलायचं होतं ते बोललो. म्हटलं, खालून वर वेचायचं वच्छलानं काढलं. माझ्या बापजाद्याचं त्यात काही नाही. मी पाहुण्यांसमोर खोटं बोललो, तिच्या देखत. काल विहारातही खरं लपवून बोललो. हे सांगायला आलो.

एक म्हातारी सुपारी कातरत होती, ती कातरत राहिली. मला वाटलं होतं, कोणी शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

रंजना म्हणाली, “आमाले माहीत हाय, बाबा.”

“हो, पन मी सांगितलं नव्हतं.”

“जिथं सगळ्यायले माहीत हाय तिथं सांगाले का लागते? गजाननभाऊले इचारा, त्यायलेबी माहीत हाय.” गजानन खाली पाहायला लागला. “मायचं तुमी जिथं जिथं जाऊन सांगितलं, तिथं माहीत नाई. थे लोक आजबी महादेव पद्धत म्हनतात. मी मारेगावकडं वेचाले गेलती मागच्या साली. माह्याच मायचं मलेच शिकवून राह्यल्या थ्या बाया, तुमचं नाव सांगून.”

मी म्हटलं, मग तू काय म्हणाली?

“काय म्हनू? माय तं म्हने, म्हातारा सांगन एक दिवस.”

तू असं म्हणायची? तेरा वर्षं? रंजनाने पाण्याची बाटली पुढे केली, मग तास धरायला उठली. ऊन पोचलं होतं.

घरी येऊन मी कोणाला काही सांगितलं नाही. सुनेनं विचारलं, जेवला नाही काहून, तर तिच्यावर खेकसलो. खोड जात नाही.

आज सकाळी पहिल्या एसटीने मी मारेगावला गेलो, तिथून ऑटोने त्या नाल्यालगतच्या गावात. वावर सापडायला वेळ लागला, मालक बदलला होता. नऊ-दहा बाया वेचत होत्या, खालून वर, कमरेला दोन ओट्या. एक पिकल्या केसांची बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कोन पाह्यजे बाबा?”

“कोनी नाई. एक सांगाचं हाय. हे तुमी जसं वेचून राह्यल्या, थे आमच्या गावच्या वच्छलाचं हाय. माह्यं नाई. मी महादेव.”

तिने मला ओळखायला वेळ घेतला. “हो हो, तुमी जीपमधी आलते. पन थ्या बाईनं तं म्या इचारलं तवा तुमचंच नाव सांगितलं होतं.”

“खोटं बोलली थे. मी तिथं उभा होतो म्हणून.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. बाकीच्या बायांचे हात थांबले. “हाय का थे बाई?”

“गेली. याच महिन्यात.”

“अन् तुमी आता आले.”

“हो.”

तिने लुगड्याच्या पदराने घाम पुसला. “काय नाव म्हनलं?”

मी तुझं नाव पुन्हा सांगितलं. तिने मागे वळून दोन तासांपलीकडच्या बाईला ओरडून सांगितलं, तिने पुढच्या बाईला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बरं. आता सरका बाबा, तासात उभे आहा तुमी.”

मी बाजूला सरकलो.